यँकीज, मार्च २०२५: कोल नाही, गिल नाही, तिसरा बेस अर्धा रिकामा. ट्रेड आत्ताच करावा की थांबावं?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. २७ मार्चला ब्रूअर्सविरुद्ध घरच्या मैदानावर हंगाम सुरू होतोय आणि न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाची जुळणी अजून होत नाहीये. मुख्य पिचर गेरिट कोलच्या कोपरावर ११ तारखेला टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपरातला अस्थिबंध नव्याने बसवणं) झाली, म्हणजे त्याचं २०२५ संपलं. दुसरा पिचर लुईस गिलचा पाठीचा लॅट स्नायू मोठ्या प्रमाणात ताणलाय, तो निदान तीन महिने नाही. बॅटरपैकी स्टँटनची दोन्ही कोपरं दुखतायत, लमेह्यूची पोटरी गेली. हुआन सोटो तर डिसेंबरातच १५ वर्षांच्या आणि ७६.५ कोटी डॉलरच्या करारावर मेट्सकडे गेला.

तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

एक, स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर. पाड्रेसचा डिलन सीझ किंवा मायामीचा सँडी अल्कांतारा आत्ता मिळवणं शक्य आहे का, आणि बदल्यात काय जाईल?

दोन, तिसरा बेस. कार्डिनल्सच्या नोलन अरेनाडोला आणावं, की जॅझ चिझमला दुसऱ्या बेसवरून परत तिसऱ्यावर न्यावं?

तीन, पैसा. आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या २०२३ च्या नोव्हेंबरात गुजरातकडून मुंबईकडे रोख व्यवहारात आला. इथे तसा थेट पैसा मोजून पिचर का घेता येत नाही? लक्झरी टॅक्सची (पगाराचा एकूण खर्च मर्यादेपलीकडे गेला की बसणाऱ्या कराची) भीती यँकीजसारख्या संघाला खरंच असते का?

खातेवही

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

रोख विक्रीचा दरवाजा मेजर लीगमध्ये १९७६ सालीच बंद झाल्यात जमा आहे. ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी त्या जूनमध्ये व्हायडा ब्लूला १५ लाख डॉलरला यँकीजला विकलं, आणि जो रूडी व रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी १० लाखांना रेड सॉक्सला. कमिशनर बोवी कून यांनी तिन्ही व्यवहार बेसबॉलच्या हिताविरुद्ध ठरवून रद्द केले. तेव्हापासून मोठ्या ट्रेडमध्ये पैसा येतो तो पगाराचा काही वाटा उचलण्यापुरता. कोडी बेलिंजर कब्जकडून आला तेव्हा कब्जने त्याच्या पगारापैकी ५० लाख डॉलर सोबत दिले, तसं. मुख्य मोबदला खेळाडूंच्याच रूपात द्यावा लागतो.

आता टॅक्स. २०२५ ची पहिली मर्यादा २४.१ कोटी डॉलर, त्यानंतर २६.१, २८.१ आणि ३०.१ कोटी अशा पायऱ्या. मोजताना त्या वर्षी हातात पडणारा पगार धरत नाहीत, कराराची वार्षिक सरासरी धरतात. यँकीजने २०२२, २०२३ आणि २०२४ तिन्ही वर्षं मर्यादा ओलांडली, त्यामुळे सलग तिसऱ्या वर्षापासून लागणारा ५० टक्के मूळ दर यंदाही त्यांना आहेच. ३०.१ कोटींच्या वरच्या प्रत्येक डॉलरवर आणखी ६० टक्के अधिभार. एकूण ११० टक्के. यँकीज आत्ता या शेवटच्या पायरीवरच उभे आहेत.

म्हणजे सीझचा यंदाचा १.३७५ कोटींचा पगार धरा. त्यावर टॅक्स सुमारे १.५१ कोटी. एका हंगामाचा खर्च २.८९ कोटी डॉलर, आणि हंगाम संपला की तो फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाकडे जायला मोकळा. मार्चमध्ये उरलेला एखादा ५० लाखांचा पिचर घेतला तरी तो १.०५ कोटींना पडतो. शिवाय ४ कोटींहून जास्त वर गेलेल्या संघाची पुढच्या ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या निवडीतली) पहिली निवड १० जागा मागे सरकते.

जखमी खेळाडूचा पगार टॅक्समधून सुटतो असा बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. तसं नाही: कोल खेळत नसला तरी त्याचे ३.६ कोटी टॅक्सच्या हिशेबात पूर्ण धरले जातात. ६० दिवसांच्या जखमी यादीत टाकल्याने संघाच्या हक्काच्या ४० जणांच्या यादीतली जागा मोकळी होते, पैसा मोकळा होत नाही.

इनिंगमोजणी

कोलच्या कोपरामुळे पिचिंगमध्ये हा खड्डा पडला असं सगळीकडे लिहिलं जातंय. मला ते पटत नाही. कोपराने खड्डा उघडा पाडला. तो खणला गेला गेल्या दोन हिवाळ्यांत, ट्रेडच्या टेबलावर.

हिशेब मांडतो. डिसेंबर २०२३ मध्ये सोटो आणि ट्रेंट ग्रिशम यांच्या बदल्यात पाड्रेसला गेले मायकल किंग, ड्रू थॉर्प, जॉनी ब्रितो, रँडी वास्केस हे चार पिचर आणि कॅचर काइल हिगाशिओका. किंगने २०२४ मध्ये सॅन डिएगोसाठी १७३ इनिंग टाकल्या, ईआरए (नऊ इनिंगच्या सामन्यामागे दिलेल्या धावा) २.९५. गेल्या डिसेंबरात डेव्हिन विल्यम्ससाठी नेस्टर कोर्तेस आणि केलेब डर्बिन ब्रूअर्सकडे गेले. बेलिंजरसाठी कोडी पोटीट गेला. पंधरवड्यासाठी उभा करता येईल असा प्रत्येक हात असा एकेक करून खर्च झाला.

सोटोचा ट्रेड चूक होता असं मी म्हणत नाही. तो होता म्हणून २०२४ मध्ये ९४ विजय आणि वर्ल्ड सिरीज झाली. पण सोटो गेला तेव्हा ते चार पिचर परत आले नाहीत, हे जमाखर्चात लिहायलाच हवं.

स्टार्टर्सचे २०२४ चे आकडे बघा. रोडॉन १७५ इनिंग, कोर्तेस १७४, स्ट्रोमन १५४, गिल १५१, कोल ९५, श्मिट ८५. बेरीज साधारण ८३५. म्हणजे कोल निम्मा हंगाम नव्हता तरी काम भागलं, कारण कोर्तेस आणि गिल यांनी मिळून सव्वातीनशे इनिंग ओढल्या. यंदा ते दोघंही एप्रिलमध्ये नाहीत.

२०२५ साठी माझा अंदाज असा: रोडॉन १७०, मॅक्स फ्रीड १७०, स्ट्रोमन १४५, श्मिट १२०, गिल परत आल्यावर ६५. एकूण ६७०. ८३५ ते ८४० ची गरज धरली तर १७० कमी पडतात. हा एका पूर्ण स्टार्टरचा हंगाम आहे. त्यातल्या शंभरेक इनिंग नवख्या विल वॉरनकडून काढायच्या आणि सत्तरएक कार्लोस कारास्को किंवा तसल्याच कुणाकडून. ही तजवीज चमकदार नाही, पण अशक्यही नाही.

गिलचे ६५ मी मुद्दाम कमी धरलेत. त्याला सहा आठवडे चेंडू फेकायलाच मनाई आहे. नंतर आधी सपाट जमिनीवरून टाकणं, मग माउंडवरून, मग मायनर लीगमध्ये (खालच्या पातळीच्या लीगमध्ये) ४५, ६०, ७५ पिचेस अशी चढण. जूनचा दुसरा पंधरवडा हे उत्तम चित्र. त्यात २०२२ ला त्याची टॉमी जॉन झालेली, २०२३ ला तो जेमतेम खेळला आणि २०२४ ला एकदम दीडशे इनिंग. घाई केली तर लॅट पुन्हा जातो, किंवा तो वाचवण्यासाठी हात खाली येतो आणि भार कोपरावर पडतो. त्याचे वॉक्स (चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) आधीच जास्त आहेत, गेल्या वर्षी ७७ दिले. हात ठरलेल्या जागेतून आला नाही तर तो आकडा आणखी वाढेल.

हडसनकाठ

इनिंगमोजणी, निदान बरोबर, औषधाशी सहमत नाही. माझं मत: सीझसाठी आत्ताच जावं.

मार्चमध्ये मोठा पिचर हलत नाही हे खरं नाही. सीझ स्वतःच गेल्या वर्षी १३ मार्चला व्हाइट सॉक्समधून पाड्रेसकडे गेला. बदल्यात थॉर्प (तोच, यँकीजकडून तीन महिन्यांपूर्वी आलेला), हायरो इरियार्ते, सॅम्युएल सवाला आणि रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर) स्टीव्हन विल्सन. तेव्हा त्याच्यावर दोन वर्षांचा हक्क होता, आता एकाच वर्षाचा. किंमत तेवढी खाली यायला हवी.

दुसऱ्या टोकाचा भाव म्हणजे गॅरेट क्रोशे. बॉस्टनने डिसेंबरात त्याच्यासाठी काइल टील आणि ब्रेडन माँटगोमेरी हे पहिल्या फेरीतले दोघं, शिवाय चेस माइड्रॉथ आणि विकेलमन गोन्सालेस दिले. दोन वर्षांच्या हक्कासाठी एवढा भाव. सीझसाठी त्याच्या साधारण निम्मा मोजावा लागेल. मायनर लीगमधल्या होतकरू पोरांपैकी स्पेन्सर जोन्स किंवा बेन हेस यांपैकी एक, त्यावर खालच्या पातळीवरचा एखादा पिचर. जॉर्ज लोंबार्ड ज्युनियरला मात्र हात लावू नये. तो अजून वीस वर्षांचाही नाही आणि शॉर्टस्टॉपला टिकेल असं दिसतंय.

फ्रीड आठ वर्षांसाठी घेतला, २१.८ कोटींचा. संघाचा मुख्य बॅटर आरन जज एप्रिलमध्ये ३३ चा होतो. ही माणसं भरात असताना अख्खं वर्ष वॉरनवर सोडून द्यायचं? गेल्या ऑक्टोबरात डॉजर्सकडून हरलो ते पाचव्या सामन्यात ५-० आघाडीवर असताना. एवढ्या जवळ गेलेल्या संघाने "बघू जुलैत" म्हणणं मला तरी पटत नाही.

खातेवही

हडसनकाठ, तुमचा भाव चुकलेला नाही. अडचण विकणाऱ्याची आहे. गेल्या मार्चला व्हाइट सॉक्स संघ मोडायला बसले होते, त्यांना तीन वर्षांनी खेळणारी पोरं चालत होती. पाड्रेस गेल्या वर्षी ९३ सामने जिंकलेत आणि यंदाही स्पर्धेत आहेत. सीझ सोडायचा तर त्यांना त्याच्या जागी लगेच, याच एप्रिलमध्ये टाकू शकेल असा हात हवा. तो यँकीजकडे असता तर ही चर्चा झालीच नसती. जोन्स आणि हेस त्यांच्या आजच्या अडचणीला उपयोगी नाहीत.

अल्कांताराचं गणित वेगळं. मायामी विकायला तयार असेल, करारही चांगला: यंदा आणि पुढच्या वर्षी प्रत्येकी १.७३ कोटी, २०२७ ला २.१ कोटींचा क्लब ऑप्शन (ठेवायचं की नाही ते संघाने ठरवायचं). पण टॉमी जॉनमुळे तो २०२४ पूर्ण बाहेर होता. आत्ता घेतला तर २०२२ च्या साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेत्याचा भाव मोजायचा आणि हातात पहिल्या वर्षी जपून वापरायचा हात यायचा. मायामीलाही घाई नाही. आठ-दहा चांगले सामने टाकून दाखवले की जुलैत पाच संघ रांगेत उभे राहतील. त्यामुळे दोन्ही बाजूंनी मार्च ही चुकीची वेळ.

डावखुरा

तिसऱ्या बेसचा प्रश्न पिचिंगपासून वेगळा काढून चालत नाही, आणि तो बहुतेक ठिकाणी वेगळा काढलाय.

रोटेशनचे (आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या स्टार्टर्सचे) पहिले दोघं, रोडॉन आणि फ्रीड, डावरे. समोरचा संघ त्यांच्याविरुद्ध उजव्या हाताचे बॅटर भरणार. उजवा बॅटर चेंडू ओढतो तो डावीकडे, म्हणजे शॉर्टस्टॉप आणि तिसऱ्या बेसकडे. रोडॉनचे चेंडू हवेत जास्त जातात, त्यामुळे त्याच्या दिवशी फरक कमी. फ्रीड मात्र ग्राउंडबॉलवर जगणारा पिचर आहे. स्ट्रोमनही तसाच, सिंकर खाली टाकून जमिनीवरून आउट काढणारा. या दोघांच्या मागे तिसऱ्या बेसवर हात कच्चा असला तर प्रत्येक सामन्यात एखादा जास्तीचा बॅटर बेसवर येतो, पिचेस वाढतात आणि सहाव्या इनिंगऐवजी पाचव्यातच बुलपेन (रिलीव्हरचा ताफा) उघडावा लागतो. इनिंगमोजणींनी काढलेला १७० चा खड्डा त्याने आणखी मोठा होतो.

म्हणून चिझमला परत तिसऱ्यावर न्यायला माझा विरोध आहे. गेल्या जुलैत मायामीहून आल्यावर तो तिथे पहिल्यांदाच उभा राहिला. चपळाई आहे, पण पायांची मांडणी आणि लांब थ्रो हे अजून उसनंच वाटतं. दुसऱ्या बेसवर तो घरचा आहे. ग्लेबर टोरेस डेट्रॉइटला गेल्यावर ती जागा त्याला देणं योग्यच होतं. त्याला हलवलं तर एका जागेचं दुखणं दोन जागी होतं.

अरेनाडोबद्दल तीन मुद्दे. त्याच्याकडे नो-ट्रेड कलम आहे आणि डिसेंबरात त्याने ह्यूस्टनला नकार दिलाय, म्हणजे संघांनी ठरवून भागत नाही. दुसरं, करार २०२७ पर्यंत आणि एप्रिलमध्ये तो ३४ चा होतो. २०२४ ला फक्त १६ होमरन, ओपीएस (बॅटिंगचा एकत्रित निर्देशांक) .७१९. तिसरं मैदान. यँकी स्टेडियमची उजवी बाजू कोपऱ्यात ३१४ फूट आहे, तिचा फायदा डावऱ्या बॅटरला. अरेनाडो उजवा, हवेत ओढणारा. डावीकडे रेषेलगत गेला तर ठीक, जरा मधे सरकला की डाव्या-मध्य भागात ३९९ फूट. आता ताकद थोडी उतरलेल्या बॅटरचे तिथले चेंडू झेलात संपतात. त्याची फील्डिंग अजून उत्तम आहे आणि वर सांगितलेल्या कारणाने तिचा मोह होतो, पण ११० टक्के टॅक्स लावून तीन वर्षं? नको.

माझा पर्याय साधा आहे. ओस्वाल्दो काब्रेरा मुख्य, ओस्वाल्ड पेराझा त्याचा जोडीदार. काब्रेरा दोन्ही हातांनी बॅट करतो आणि डावीकडून जास्त बरा आहे. म्हणून समोर उजवा पिचर असला की काब्रेरा, डावरा असला की पेराझा. दोघांचीही ग्लोव्ह भरवशाची. बॅटिंग नवव्या क्रमांकाची धरायची आणि जास्त अपेक्षा ठेवायची नाही. लमेह्यू परत आला तरी रोज तिसऱ्यावर उभा राहील असं धरू नये.

जाता जाता: डर्बिन असता तर आज हीच जागा त्याची असती. डिसेंबरात त्याच्याकडे दुसऱ्या बेसचा उमेदवार म्हणून बघितलं जात होतं. अ‍ॅरिझोना फॉल लीगमध्ये त्याने २९ बेस चोरून विक्रम केला. विल्यम्सच्या ट्रेडची किंमत मोजताना लोक कोर्तेसचं नाव घेतात, डर्बिनचं घेत नाहीत.

हडसनकाठ

डावखुरा, फील्डिंगचा मुद्दा मान्य. पण मग डावऱ्या पिचरविरुद्ध धावा कोण काढणार? वेल्स, राइस, चिझम, बेलिंजर, ग्रिशम सगळे डावरे. दोमिंगेझ दोन्हीकडून खेळतो पण उजवीकडून कमजोर. स्टँटन नाही. उरले जज, गोल्डश्मिट आणि वॉल्पी. बॉस्टनने क्रोशे आणलाय, तो वर्षात तीन-चार वेळा तरी समोर येणार. हा खड्डा पिचिंगपेक्षा कमी मोठा नाही आणि तो स्वस्तात भरता येतो.

डावखुरा

खरं आहे, आणि इथे ट्रेडला माझा पाठिंबा आहे. फक्त मोठा ट्रेड नको. हवा तो उजव्या हाताचा, तिसरा बेस आणि कोपऱ्यातलं आउटफील्ड दोन्ही सांभाळणारा, डावऱ्यांना मारणारा माणूस. पगार २०-३० लाखांच्या आत.

असे लोक कुठून येतात ते सांगतो. ज्यांचे ऑप्शन (इथे अर्थ, खाली पाठवायची मुभा) संपलेत त्यांना संघ मायनर लीगमध्ये पाठवू शकत नाही. प्रत्येक खेळाडूला सहसा तीन ऑप्शन वर्षं असतात, त्यानंतर २६ जणांच्या मुख्य संघात ठेवा नाहीतर वेव्हर्सवर (इतर संघ उचलू शकतील अशा यादीवर) सोडा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तीसही संघ हा निर्णय घेतात आणि बरीच नावं बाहेर पडतात. अडचण क्रमाची. वेव्हर्सवर पहिला हक्क गेल्या वर्षी सर्वात वाईट खेळलेल्या संघाचा, आणि ९४ जिंकलेले यँकीज रांगेच्या शेवटी. तेव्हा नाव वेव्हर्सवर येण्याआधीच फोन करून एखादा मायनर लीगचा पिचर देऊन ट्रेड उरकावा लागतो. मार्चमधले छोटे ट्रेड बहुतेक याच कारणाने होतात.

हेच उलट्या बाजूने पेराझाला लागू आहे. त्याचेही ऑप्शन संपलेत. त्याला यादीतून काढलं तर सात दिवसांत ट्रेड किंवा वेव्हर्स, आणि शॉर्टस्टॉप खेळू शकणारा २४ वर्षांचा माणूस कुणी ना कुणी उचलणारच. म्हणून त्याची बॅट कशीही असली तरी तो २६ मध्ये असेल. पाब्लो रेयेसला कॅम्पमध्ये बोलावलंय, तो उजवा आहे आणि बऱ्याच जागी खेळतो. गरज पडली तर तोही चालेल.

डीएचच्या (फक्त बॅटिंग करणाऱ्याच्या) जागेवर तोवर बेन राइसला रोज खेळवावं, फक्त डावऱ्यांविरुद्ध त्याला बसवून जज किंवा गोल्डश्मिटला फील्डमधून विश्रांती द्यावी. गोल्डश्मिट ३७ चा आहे, त्याला १६२ सामने पहिल्या बेसवर उभं करणं शहाणपणाचं नाही.

एडिसनकर

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. आणखी दोन शंका. रेयेस किंवा कारास्को मायनर लीग करारावर आहेत, म्हणजे ४० च्या यादीत नाहीत. त्यांना घ्यायला कुणाला तरी सोडावं लागेल ना? आणि ल्यूक वीव्हर पूर्वी स्टार्टर होता, त्यालाच रोटेशनमध्ये का टाकत नाहीत?

खातेवही

कुणालाही सोडायची गरज नाही. कोल ६० दिवसांच्या यादीत गेला की एक जागा. तो वर्षभर नाहीच, त्यामुळे काही गमवायचं नाही. गिललाही त्याच यादीत टाकावं. २७ मार्चपासून ६० दिवस म्हणजे २६ मे, आणि तो त्याआधी येत नाहीच. दोन जागा झाल्या, दोन माणसं बसली. चूक होते ती एखाद्याला घाईने ६० दिवसांच्या यादीत टाकून तो ४० व्या दिवशी बरा झाला तर. श्मिटबाबत तसं करू नये, त्याला काही झालंच तर आधी १५ दिवसांची यादी.

फ्री एजंट पिचरही अजून बाजारात आहेत. काइल गिब्सनने गेल्या वर्षी कार्डिनल्ससाठी १६९ इनिंग टाकल्या, ईआरए ४.२४. स्पेन्सर टर्नबुलचा फिलीजकडे २.६५ होता, पण फक्त ५४ इनिंगमध्ये. माझी पसंती गिब्सनला, कारण इथे टंचाई इनिंगची आहे. पण आज सही केली तरी त्याला तीन-चार आठवडे लागतील. ३० पिचेसपासून सुरू करून दर वेळी १५ वाढवत ९० पर्यंत न्यावं लागतं. म्हणून निर्णय एप्रिलपर्यंत लांबवला तर तो माणूस मेमध्येच उपयोगी येईल.

आणि स्ट्रोमनच्या करारातलं कलम लक्षात ठेवा. यंदा १४० इनिंग पूर्ण झाल्या की २०२६ साठी १.८ कोटींचा प्लेअर ऑप्शन त्याच्या हातात जातो. हिवाळ्यात त्याला ट्रेड करायचा प्रयत्न चालू असल्याच्या बातम्या होत्या, आता तोच तिसरा स्टार्टर झालाय. त्याला नुसता कराराच्या भीतीने बाजूला ठेवता येत नाही, खेळाडू संघटना तक्रार नेईल. तेव्हा जुलैत नवा स्टार्टर आणला तर कुणाच्या इनिंग कमी करायच्या, हा प्रश्न तेव्हाही पैशाचाच असेल.

इनिंगमोजणी

वीव्हरला हात लावू नका. गेल्या वर्षी त्याने रिलीव्हर म्हणून ८४ इनिंग टाकल्या, ईआरए २.८९. त्यातल्या बऱ्याच दोन-दोन इनिंगच्या होत्या. स्टार्टर पाचव्यात बाहेर येणाऱ्या संघाला असाच माणूस सर्वात जास्त लागतो. रोटेशनमध्ये नेला तर त्याचा वेग उतरतो, तिसऱ्यांदा समोर येणाऱ्या बॅटरसाठी त्याच्याकडे पुरेसं वैविध्य नाही, आणि सहावी-सातवी इनिंग उघडी पडते. बुलपेनमध्ये डावरा म्हणून भरवशाचा टिम हिल एकटाच आहे, आणि उजवा क्ले होम्स मेट्सकडे गेलाय. तिथून काढण्यासारखं काही नाही.

स्क्रँटनहून (यँकीजच्या मायनर लीग संघातून) रोज नवा हात आणायची पद्धतही बेतानेच वापरावी लागते. २६ मध्ये पिचर जास्तीत जास्त १३. खाली पाठवलेला पिचर १५ दिवस परत येऊ शकत नाही, कुणी जखमी झालं तरच सूट. आणि एका हंगामात एकाच माणसाला पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. एप्रिलमध्येच हे उधळलं तर ऑगस्टमध्ये हात बांधले जातात.

हडसनकाठ, सीझबद्दल माझं म्हणणं तुमच्याहून फार दूर नाही. मी मे महिन्याच्या अखेरीची वाट बघेन. तोवर गिल माउंडवरून टाकतोय की नाही कळेल, वॉरनचे दहाएक सामने झालेले असतील आणि एखाद-दोन संघांचा हंगाम बिघडलेला असेल. त्या दिवशी गिल मागे पडलेला असेल आणि वॉरनचा ईआरए पाचच्या वर असेल तर जोन्सला टेबलावर ठेवायला माझी हरकत नाही.

हडसनकाठ

मे अखेर चालेल, पण मग एप्रिल कसा काढणार ते सांगा. पाचवा स्टार्टर कोण, आणि कधी?

इनिंगमोजणी

वेळापत्रक सुरुवातीला मदतीला आहे. ब्रूअर्सविरुद्ध सामने २७, २९ आणि ३० मार्चला, म्हणजे २८ आणि ३१ सुट्टी. १ ते ३ एप्रिल डायमंडबॅक्स, मग ४ ते ६ पिट्सबर्ग.

रोडॉन २७ ला, फ्रीड २९ ला, स्ट्रोमन ३० ला, चौथा १ एप्रिलला. रोडॉन पाच दिवसांच्या विश्रांतीनंतर २ ला, फ्रीड आणि स्ट्रोमन चार-चार दिवसांनंतर ३ आणि ४ ला. चौथ्याला ५ एप्रिलपर्यंत तीनच दिवस मिळतात, ते चालणार नाही. म्हणजे पाचव्या स्टार्टरची पहिली गरज ५ एप्रिलला, पिट्सबर्गमध्ये. तोवर त्या जागेवर बुलपेनमध्ये एक जास्तीचा हात ठेवता येतो, आणि तो लांब टाकणारा असावा, एका बॅटरपुरता नको. फक्त पहिल्या आठवड्यात तिघांनाही एवढं ताणावं का, हा मॅनेजर बूनचा निर्णय. मी श्मिट तयार असेल तरच हा मार्ग घेईन, नाहीतर २ तारखेलाच कारास्कोला देऊन रोडॉनला एक दिवस जास्त देईन.

चौथा मात्र वॉरनच हवा. गेल्या वर्षीचा त्याचा १०.३२ ईआरए बघून लोक घाबरतात, पण तो अवघ्या २२ इनिंगचा आहे. त्याचा स्वीपर (आडवा वळणारा चेंडू) उजव्यांना खेळता येत नाही. मार खाल्ला तो डावऱ्यांकडून, कारण त्यांच्याविरुद्ध स्वीपर बॅटच्या दिशेने येतो आणि त्याच्याकडे तेव्हा दुसरं भरवशाचं काही नव्हतं. कॅम्पमधले त्याचे सामने बघताना स्ट्राइकआउट मोजू नका. डाव्या बॅटरला चेंजअप (फसवा हळू चेंडू) किती वेळा टाकतो आणि तो झोनच्या खालच्या कडेला पडतो का, एवढंच बघा. पहिल्या पिचला फास्टबॉल सोडून तो टाकायची हिंमत करत असेल तर बॅटिंग ऑर्डर दुसऱ्यांदा फिरेपर्यंत त्याला ठेवावं, आणि तिसऱ्यांदा पहिला डावरा आला की वीव्हर किंवा हिल.